मुलाने माइनक्राफ्टमध्ये बांधलेला पन्हाळा मित्रांनी टीएनटी लावून उडवला. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?

मोबाईलवरची, म्हणजे बेडरॉक आवृत्ती असेल असं धरतो. सगळ्यात आधी बॅकअप. वर्ल्डच्या नावाशेजारच्या पेन्सिलवर टॅप करा, खाली 'कॉपी वर्ल्ड' आणि 'एक्सपोर्ट वर्ल्ड' दिसेल. एक्सपोर्ट केलेली फाईल ड्राइव्हवर टाकून ठेवा. पोरगं तीन दरवाज्याची कमान पुरी करतंय, की लगेच नवी प्रत. मग कुणी अख्खा अंबरखाना पाडला तरी जुनी फाईल उघडायची, विषय संपला.

तिथंच मल्टिप्लेअरमध्ये निमंत्रणावरून येणाऱ्यांची परवानगी 'व्हिजिटर' करा. व्हिजिटरला फिरता येतं, फोडता-लावता येत नाही. आधी येऊन गेलेल्यांची परवानगी मात्र ते आत असताना, पॉज स्क्रीनवर त्यांच्या नावापुढून बदलावी लागते. इथंच बहुतेक पालक फसतात. 'टीएनटी एक्स्प्लोड्स' आणि 'फायर स्प्रेड्स' बंद करा.

जावा, म्हणजे संगणकावरच्या आवृत्तीचा सर्व्हर असेल तर व्हाइटलिस्ट (यादीत नाव असलेल्यांनाच प्रवेश) लावा आणि कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायची पुरवणी, टाका. कुणी काय तोडलं ते कळतं, आणि तेवढंच पूर्ववत करता येतं.

आणि त्या मित्रांच्या आईवडिलांना लगेच फोन नको. पोरं शाळेत एका बाकावर बसत असतील, त्यांचं ती मिटवतील.