सामान लावण्याआधी सभा गाठा

तुम्ही लिहिलंत की दारू सोडून तीन वर्षं झाली, दोन महिन्यांनी नोकरीसाठी परदेशी निघताय. तिथे एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना) सभा कशा शोधायच्या आणि तिथली भाषा अडखळत येत असताना सभेला जायचं का, असं विचारलंत. मीही पाच वर्षांची सोब्रायटी, म्हणजे दारूमुक्ती, घेऊनच देश सोडला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी माझी चूक. घर लागू दे, कामात जम बसू दे, मग ग्रुप बघू, असं मी ठरवलं आणि त्यात अकरा आठवडे गेले. प्यायलो नाही. पण एका शनिवारी संध्याकाळी दुकानात बाटल्यांच्या फळीसमोर थांबलो आणि मनात आलं, इथे मला ओळखतं कोण? हातपाय गार पडले. आपल्या गावात निदान कुणीतरी बघेल ही भीती असते, घरी कुणीतरी वाट बघत असतं. नव्या देशात पहिले काही आठवडे यातलं काहीच नसतं. म्हणून पहिली सभा निघण्याआधीच शोधून ठेवा आणि पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत तिथे जाऊन बसा. बॅगा नंतर उघडता येतात.

शोधणं अवघड नाही. एए सुमारे १८० देशांत आहे आणि बऱ्याच देशांत त्यांची स्वतःची वेबसाइट आणि हेल्पलाइन असते. 'मीटिंग गाइड' नावाचं मोफत अॅपही आहे, पण सगळे देश त्यात नाहीत. यादीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सभांच्या जागा आणि वेळा बदलत राहतात, यादी मागे राहते. मी एकदा पाऊण तास प्रवास करून कुलूप लावलेल्या दारापाशी उभा राहिलोय, तेही नेमक्या वाईट दिवशी. आधी हेल्पलाइनला फोन करा. पलीकडे बहुतेक वेळा आपल्यासारखाच दारू सोडलेला माणूस असतो. 'मी या तारखेला येतोय, एकटा आहे' एवढं सांगितलंत, तर कुणीतरी सभेच्या दारापाशी भेटायलाही येऊ शकतं.

यादीत 'ओपन' आणि 'क्लोज्ड' असे शब्द दिसतील. ओपन सभेला कुणीही बसू शकतं, अगदी तुमची पत्नीसुद्धा. क्लोज्ड सभा फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे आणि ती सोडायची आहे त्यांच्यासाठी. फी कुठेच नसते. पेटी फिरते, तिच्यात टाकलंच पाहिजे असं नाही. आडनाव, व्हिसा, नोकरी कुणी विचारत नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते, हा नियम जगभर एकच.

आता भाषा. माझ्या पहिल्या सभेत मला निम्मंही कळलं नव्हतं. पण एक म्हातारे गृहस्थ बोलता बोलता थांबले, दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत राहिले, आणि ते कुठे पोहोचलेत हे मला शब्दांवाचून समजलं. एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या आपल्याला पाठ असतात, त्यामुळे तिथल्या भाषेत वाचल्या तरी कितवी चालू आहे ते कळतं. बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, चालतं. मात्र 'कुणी नवीन किंवा बाहेरगावचं आहे का' असं विचारलं तर हात वर करा, लाजू नका. सभा संपल्यावर लगेच निघूही नका. खुर्च्या उचलायला मदत करा, दोन-तीन फोन नंबर घ्या. मला त्या देशातला पहिला मित्र खुर्च्या रचतानाच भेटला.

पहिला ग्रुप पटला नाही तर एए पटलीच नाही असं समजू नका. चार-पाच ठिकाणी बसून बघा, मग एक होम ग्रुप, म्हणजे नेहमी जायचा आपला ग्रुप, धरा आणि लवकर तिथलं काहीतरी सेवेचं काम मागून घ्या. इथला स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांवर सोबत करणारा जुना सभासद, मात्र तिथला मिळेपर्यंत सोडू नका. घड्याळातला फरक बघून त्याच्याशी फोनची वेळ आत्ताच ठरवा. ऑनलाइन सभा रात्री-अपरात्रीही सापडतात, त्या जोडीला ठेवा. पण रोज ऑनलाइन बसून खोलीतच राहायची सवय लागते, तिच्यापासून सावध राहा. प्रार्थना, उच्चशक्ती हा भाग जड जात असेल तर धर्मनिरपेक्ष सभाही असतात, आणि स्मार्ट रिकव्हरी नावाचा वेगळा कार्यक्रमही आहे. पत्नी सोबत येणार असेल तर तिच्यासाठी अल-अनॉन, म्हणजे दारूचा त्रास असलेल्यांच्या घरच्यांच्या सभा, शोधा. तीही तिथे एकटीच असणार.

गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्या आणि ते औषध तिथे न्यायला परवानगी आहे का, तिथे मिळतं का, हे आधी तपासा. आणि एक काळजीचं: मधल्या काळात स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, आणि रोज पिणं सुरू झालं, तर नव्या देशात एकट्याने खोलीत एकदम बंद करू नका. त्यात फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. सभेत सांगायलाही संकोच करू नका, तिथे कुणी हाकलत नाही.

शहर नक्की झालं की मला कळवा. तिथल्या सभांची यादी आपण दोघं मिळून बघू, आणि उतरलात की पहिल्या सभेला निघताना मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.