उपकार नावानिशी माना

मेलबर्नहून एका नाशिककरणीचं चार पानी पत्र आलंय. ऑगस्टमध्ये आई गेली, तिकीट मिळेपर्यंत दफनविधी उरकला होता. सप्टेंबरात नवऱ्याची नोकरी सुटली. आता नाताळ दारात. ती लिहिते :

"मावशी, इथल्या चर्चच्या मंडळीतल्या बायका सांगतात, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. म्हणून मी वही घातली. रोज पाच गोष्टी लिहिते. घर, तब्येत, मुलं, गाडी, देवाची कृपा. लिहून झालं की आणखीच कोरडं वाटतं. माझा विश्वास कमी पडतोय का?"

नाही गं बाई. घर, तब्येत, गाडी ही विम्याची यादी झाली. ती लिहून कोणाचे डोळे ओले होतील?

आधी त्या बायकांचं बघू. बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांच्या पत्रात "सर्व स्थितीत" लिहिलंय. आई गेली त्या "स्थितीबद्दल" धन्यवाद म्हण, असं त्यात कुठे आहे? (इफिसकरांच्या पत्रातलं "सर्व गोष्टींबद्दल" मला दाखवणारे दोघेतिघे आहेतच. त्यांच्याशी मी उपासनेनंतर चहावर भांडते.) स्तोत्र 88 काढून वाच. सुरुवातीपासून गाऱ्हाणं, आणि संपतं तेही अंधारातच. तरी ते शास्त्रात आहे, कोणी खोडलं नाही. तेव्हा या नाताळात तुला गाणं फुटलं नाही तर उगाच ओठ हलवू नकोस, बाकावर बसून राहा.

आता माझं नेहमीचं पालुपद. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण सगळेच घाईत वाचतो, कारण त्यात नुसती नावं. पण उपकार कसे मानायचे हे मला तिथेच कळलं. फिबीने पुष्कळांना हात दिला. प्रिस्का आणि अक्विला यांनी पौलासाठी जीव धोक्यात घातला, आणि त्यांचे आभार तो स्पष्ट शब्दांत मानतो. आणि तेरावी ओळ तू आजच उघड. रूफसला सलाम सांगताना तो रूफसच्या आईलाही सलाम सांगतो आणि म्हणतो, ती माझीही आई. घरापासून लांब फिरणाऱ्या माणसाला कुठेतरी दुसऱ्याची आई भेटली, आणि तिचा उल्लेख पत्रात राहिला.

आमचे दादा, म्हणजे वडील, प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला. 1988 च्या नोव्हेंबरात गेले. मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून धावत आले ती नाताळापर्यंत राहिले. मला वाटलं, यंदा घरात काही होणार नाही. चांदणीसुद्धा माळ्यावरून काढली नव्हती. चोवीस तारखेला आई जेवणाआधी प्रार्थनेला उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभू, तू हे बरं केलं नाहीस." आम्ही भावंडं डोळे उघडून एकमेकांकडे बघायला लागलो. ती पुढे नावं घेत गेली. तीन दिवस पिठलंभाकरी पाठवणाऱ्या शेजारच्या वहिनी, रात्री साडेअकराला आलेला रिक्षावाला, कबरीवर फुलं ठेवून न बोलता गेलेला दादांच्या खात्यातला माणूस. एकेकाचं नाव. रिक्षावाल्याचं ठाऊक नव्हतं म्हणून "तो पांढऱ्या टोपीचा" म्हणाली. दादांबद्दल एक शब्द नाही. जेवण गार झालं.

दुसऱ्या दिवशी तिने त्या वहिनींकडे करंज्यांचं ताट पाठवलं. आपल्याकडे रिकामं ताट परत देत नाहीत, तसं ते साखर घेऊन आलं. आईने ती साखर जानेवारीभर चहात घातली, दुसरी डब्यात होती तरी.

आता जरा रागावते. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर अर्धी ओळ आहे : "शेवटच्या दोन रात्री समोरच्या काकूच दवाखान्यात बसल्या होत्या, पण ते जाऊ दे." का जाऊ दे? तू मेलबर्नला होतीस, तुझा भाऊ गाडीत होता, आणि आईच्या उशाशी ही बाई होती. तुझ्या वहीत गाडी आहे, काकू नाहीत! आपण परदेशातली माणसं नावं ठेवायला पटाईत. हा आला नाही, त्याने फोन केला नाही. घ्यायची वेळ आली की आठवत नाहीत.

घरापासून लांबचा नाताळ आपणच शोधून काढला असंही समजू नकोस. नाशिकच्या आपल्या शरणपुरात गेल्याच्या गेल्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहायची. तिथल्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनचं शव घेऊन थेट लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबीत पोहोचला. त्या मुलांचे नाताळ आईबापांशिवायच गेले असणार. मी शरणपूर रोडने जाताना दर वेळी हा विचार करते, आणि दर वेळी माझा सिग्नल चुकतो.

बाकीचं भराभर. झाड लावावं का? मुलांना हवं तर लावा, तू मदत केली नाहीस तरी चालेल. मुलगा मराठी गीतं म्हणत नाही? म्हणेल, नाही तर नाही म्हणणार. नवऱ्याला अर्जांबद्दल रोज विचारू नकोस. नाशिकच्या घराच्या वाट्याचं वकिलाला विचार, मला नको.

वही मात्र फेकू नकोस. गाडी खोड आणि तिथे काकूंचं नाव लिही. मग पंचवीसला दुपारी दीडला फोन लाव, त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतील. रडू आलं तर येऊ दे. आणि त्या दोन रात्री आई काय काय बोलली, ते विचार. अजून विचारलं नसशील.