वाचकांचे प्रश्न : गिदोनाची मडकी आणि सन्हेरीबाची माघार

प्रश्न : आमच्या सिनेगॉगची मुलं यंदा गिदोनाची लढाई बसवताहेत. कर्णा, मडकं आणि मशाल एकाच माणसाने धरली कशी? आणि तलवार? – एक वाचक, भायखळा

उत्तर : बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात (७:२०) हे स्वच्छ लिहिलं आहे. गिदोन हा मिद्यानी लोकांशी लढणारा इस्राएली पुढारी. डाव्या हातात मशाल, उजव्या हातात कर्णा. मडकं वेगळं धरायचं नव्हतंच. उजेड झाकायला मशाल त्याच्या आत होती. तलवारीला हात उरतच नाही, आणि प्रेक्षकांना दिसायला हवं ते हेच. मुलांच्या कमरेला पुठ्ठ्याच्या तलवारी लटकवल्यात तर अर्धी कथा तिथेच गेली. ‘परमेश्वराची आणि गिदोनाची तलवार’ ही आरोळी देणाऱ्यांनी तलवार उपसलेलीच नाही!

निवेदनात आकडे चुकवू नका. गिदोनाकडे आले ३२,०००. भ्यायलेल्यांनी परत जावं म्हटल्यावर २२,००० निघून गेले. भित्र्याला घरी पाठवण्याचा नियम बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २०व्या अध्यायातही आहे. उरलेल्या १०,००० जणांना पाण्यावर नेलं आणि हात तोंडाशी नेऊन चाटून प्याले ते ३०० ठेवले. ते जास्त सावध होते म्हणून निवडले, असं हमखास सांगितलं जातं. ग्रंथात तसं अक्षरही नाही. कारण दिलं आहे ते माणसं कमी करण्याचं : आम्ही आमच्याच बळावर सुटलो, अशी फुशारकी इस्राएलाने मारू नये. घरी गेलेल्यांचा शिधा आणि कर्णे या ३०० जणांनी घेतले (७:८). मडकीही बहुधा त्या शिध्याचीच.

आता क्रम. शंभर-शंभरच्या तीन टोळ्या मिद्यान्यांच्या छावणीभोवती. वेळ मधल्या प्रहराच्या सुरुवातीची, म्हणजे रात्री दहाच्या आसपास, पहारा नुकताच बदललेला. नव्या पहारेकऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले नसतात आणि सुटलेला पहारेकरी अजून छावणीत हिंडत असतो, त्यामुळे जवळून जाणारा कोणीही शत्रूच वाटावा अशी ती घटका. आधी कर्णे, मग मडकी फोडणं, मग आरोळी. पुढे? काही नाही. २१व्या वचनात प्रत्येक जण आपापल्या जागी उभा आहे. नाटकं इथेच फसतात, कारण मुलं धावत सुटतात. धावायचं आहे मिद्यान्यांनी, आणि एकमेकांवर तलवारी चालवायच्या आहेत त्याही त्यांनीच. पाठलाग नंतरचा, त्यात नफताली, आशेर, मनश्शे हे इस्राएली वंश येतात आणि यार्देन नदीचे उतार एफ्राइम वंशाचे लोक अडवतात.

मशालीऐवजी नारिंगी जिलेटिन कागद लावलेली बॅटरी वापरा. धारावीच्या कुंभारवाड्यात मडकी घेताना मुलाची मूठ बॅटरीसकट आत जाते का, ते तिथेच बघा. फोडायची ती गोणपाटात गुंडाळून; रंगमंचावर पोरं अनवाणी असतात.

प्रश्न : देवच लढणार तर सैन्य कशाला? आणि मग इस्राएल हरतात कसे? – एक वाचक, दादर

उत्तर : हरतात, आणि सपाटून हरतात. १ शमुवेल ४ काढा. पलिष्ट्यांशी पहिल्या चकमकीत ४,००० पडले, तेव्हा इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांनी शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, आणवला. कोणी देवाला विचारलं नाही, की संदेष्टा शमुवेलालाही. छावणीत जयघोष झाला, पलिष्टी घाबरले, पण लढले. ३०,००० मेले, कोशही गेला. कोश म्हणजे ताईत नव्हे, हे याहून परखडपणे सांगणं कठीण.

याच्या उलट राजा दावीद (२ शमुवेल ५). तो देवाला विचारतो, आणि उत्तर येतं ते डावपेचाचं : समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागून जा, झाडांच्या शेंड्यांवर पावलांचा आवाज आला की तुटून पड. म्हणजे वेळ देवाची, पायपीट सैन्याची.

साधनंही पुष्कळदा नेहमीचीच दिसतात. निर्गम १४ मध्ये रात्रभरचा पूर्वेचा वारा आणि चालेनाशी झालेली इजिप्तच्या रथांची चाकं. कनानी सेनापती सीसऱ्याचे ९०० लोखंडी रथ कशाने हरले, ते शास्ते ४ मध्ये नीट कळत नाही. पुढच्या अध्यायातल्या संदेष्टी दबोराच्या गीतात किशोन नदी त्यांना वाहून नेते. सपाट मैदान रथांना सोयीचं, पण पाऊस पडून चिखल झाला की तेच रथ अडकून बसतात. सीसरा उतरून पायी पळाला, तो उगाच नव्हे.

प्रश्न : एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मेले, याला बायबलबाहेर पुरावा आहे का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : त्या आकड्याला नाही, स्वारीला आहे. इ.स.पू. ७०१ची ही मोहीम अश्शूरी राजा सन्हेरीबाने सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर कोरून ठेवली आहे. यहूदाची ४६ तटबंदीची गावं घेतली, यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं, असं तो म्हणतो. शहर घेतलं, असं मात्र म्हणत नाही, आणि फुशारकीत मागे न राहणाऱ्या राजाचं हे मौन बोलकं आहे. खंडणीत ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं दोन्हीकडे जुळतं. चांदी २ राजे १८ मध्ये ३००, त्याच्याकडे ८००. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस वेगळीच हकिकत देतो : इजिप्तच्या सीमेवर उंदरांनी सन्हेरीबाच्या सैन्याचे भाते आणि प्रत्यंचा कुरतडल्या. त्यावरून साथीचा तर्क काहींनी केला, पण तो तर्कच.

वाचताना एक लक्षात ठेवा. २ राजे १९:३६मध्ये सन्हेरीब आपल्या राजधानीला, निनवेला, परततो आणि लगेच पुढच्या वचनात त्याची मुलं त्याला ठार मारतात. तो खून इ.स.पू. ६८१चा; दोन वचनांच्या मध्ये २० वर्षं आहेत.