पंधरा हजार बाजूला ठेवा, आधी शिष्यवृत्तीचा कागद बघा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक टेनिस खेळते, जन्म इथलाच. इथल्या राज्य विद्यापीठात वर्षाला 34 हजार डॉलर लागतील. दूरच्या एका विद्यापीठाचा खर्च 72 हजार, पण ते निम्मी शिष्यवृत्ती देतात. शिवाय तिथले एक देणगीदार जाहिरातीपोटी वर्षाला 15 हजार देतील, असं प्रशिक्षक म्हणतात. म्हणजे 21 हजारांत भागतं. पाठवावं का?

उत्तर: ताई, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण ते 15 हजार अजून हातात आलेले नाहीत. जुलै 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचा जाहिरातीत वापर करू देऊन कमावता येतं, हे खरं. मात्र खेळाडू आणि महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए यांच्या खटल्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर 600 डॉलरवरचा असा बाहेरचा करार तपासणीला द्यावा लागतो. जाहिरातीचं काम खरं नसेल, किंवा मोबदला बाजारभावाच्या मानाने फुगवलेला असेल, तर तो अडकतो. मिळालेच, तरी ती स्वयंरोजगाराची कमाई. 15.3 टक्क्यांच्या कराने साधारण 2,100 जातील. म्हणजे तुमचे 21 हजार झाले 23,100.

त्याच तडजोडीने विद्यापीठांना स्वतःच्या तिजोरीतूनही खेळाडूंना पैसे द्यायची मुभा दिली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. आकडा ऐकून हुरळू नका. बहुतेक पैसा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, टेनिसच्या पानात उरलंसुरलं.

आता ते 15 हजार शून्य धरा. दूरच्या विद्यापीठाला 36 हजार, घरच्याला 34. दोन हजारांसाठी मी तरी पोरीला अडवणार नाही, तिथला प्रशिक्षक चांगला असेल तर मुळीच नाही.

माझी धास्ती वेगळीच आहे. पूर्वी मुलींच्या टेनिसमध्ये वरच्या गटातल्या विद्यापीठांना जास्तीत जास्त 8 शिष्यवृत्त्या देता यायच्या, त्याही पूर्ण. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत आता मर्यादा संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर आहे आणि शिष्यवृत्तीचे तुकडे करता येतात. तुमच्या लेकीला निम्मी मिळतेय ती अशीच. ती एकाच वर्षाची असेल आणि दुसऱ्या वर्षी नव्या प्रशिक्षकाने पुढे चालू ठेवली नाही, तर 72 हजार पूर्ण तुमच्या डोक्यावर.

तेव्हा प्रशिक्षकांना एवढंच विचारा: शिष्यवृत्ती चार वर्षांची लेखी देता का, आणि दुखापत झाली तर तिचं काय? फोनवरचं ‘बघू, होईल’ धरू नका. कागद येईपर्यंत राज्य विद्यापीठातली जागा अनामत भरून धरून ठेवा. अनामत बुडाली तरी चालेल.