अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर पोटातले चांगले जिवाणू परत कसे आणावेत? प्रोबायोटिक कॅप्सूल किती महिने घ्यावी?

दाढेसाठी अँटिबायोटिक झालं, तेव्हापासून पोट फुगतं, केमिस्टने कॅप्सूल दिली आणि तीन महिने घ्या म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. तीन महिने घ्यायची काही गरज नाही. कोर्स चालू असताना जुलाब टाळायला कॅप्सूल घेणं मी समजू शकते. त्यातही सॅकरोमायसिस बुलार्डी बरं, कारण ते यीस्ट आहे आणि अँटिबायोटिकने मरत नाही. कोर्स संपला की थांबवा. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अकरा प्रकारच्या जिवाणूंचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात त्यांचे मूळचे जिवाणू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. अभ्यास अगदी लहान होता, तरी महिनोन्‌महिने कॅप्सूल विकण्याआधी विचार करायला पुरेसा आहे.

आमच्या नात्यात एक औषधविक्रेते दादा आहेत. इंदूरच्या रामबागेत कुणाकडेही कार्य असो, पंगत उठली की आमचा हा वाद ठरलेला. त्यांचं म्हणणं, कॅप्सूलमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, घरच्या दह्याचं काय घेऊन बसलीस! अहो, कॅप्सूलमधले काय नि दह्यातले काय, बहुतेक सगळे काही दिवसांत शौचावाटे निघून जातात. कायमचे राहणारे जिवाणू मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेला चोथा खाऊन ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराला मुख्यतः त्यातूनच ताकद मिळते. त्यांना उपाशी ठेवून वरून कितीही जिवाणू ओतले तरी उपयोग नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, सांगते. सकाळी पोहे-शेव, दुपारी पांढरा भात आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत चक्कर, यात ते निम्मेही भरत नाहीत. शंभर ग्रॅम शिजलेल्या छोल्यांत साडेसात ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. पोह्यांत मूठभर मटार घाला, ज्वारीची भाकरी, सालासकट मूग, पेरू, मक्याचा कीस, सगळं चालेल. पण पोट आत्ताच फुगतंय, तेव्हा एकदम वाढवू नका. पहिला आठवडा अर्धी वाटी उसळ, तीही रात्री नको. कांदा-लसणाने जास्त फुगत असेल तर ते थोडे दिवस कमी करा. इसबगोल घेणार असाल तर एक चमचा आणि सोबत पूर्ण ग्लासभर पाणी, नाहीतर उलट कोंडतं.

दही सोडा असं मी म्हणत नाही. स्टॅनफर्डच्या 2021 च्या अभ्यासात दहा आठवडे दही, केफिर (आंबवलेलं दूध) असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली. फक्त दही नीट लावा. इंदूरच्या थंडीत ते बिघडतं ते बहुधा ऊब कमी पडून. अर्धा लिटर दूध उकळून मंद आचेवर आणखी पाच मिनिटं ठेवा, म्हणजे दही घट्ट लागतं. मग 40 ते 42 अंशांपर्यंत निवू द्या: भांड्याला हात लावला तर ऊब लागावी, चटका नाही. एक लहान चमचा विरजण दोन चमचे दुधात फेटून मग घाला. गुठळी तशीच टाकली तर एका जागी आंबट आणि बाकी कच्चं राहतं. थंडी आहे म्हणून विरजण दुप्पट-तिप्पट करू नका, दही आंबट होऊन पाणी सुटतं. त्यापेक्षा भांडं टॉवेलात गुंडाळून बंद कुकरमध्ये ठेवा आणि आठ-दहा तास हलवू नका. तार सुटायला लागली तर बहुतेकदा दूध फार गार असताना विरजलेलं असतं किंवा विरजण जुनं झालेलं असतं. ते टाकून शेजारून ताजं विरजण आणा. लागल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. कढी उकळली की त्यातले जिवाणू मेले, त्यामुळे कढीला यात धरू नका. ताक चालेल.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर गोळी दह्याच्या निदान दोन तास आधी घ्या, कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही.

आता, हे सगळं साध्या फुगण्यासाठी आणि थोड्याफार पातळ शौचासाठी. दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब, ताप, रक्त किंवा पोटात कळा असतील तर दही-उसळ करत बसू नका. अँटिबायोटिकनंतर काही आठवड्यांनीसुद्धा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या घातक जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. डॉक्टरांना कोर्सचं नाव सांगून शौचाची तपासणी करून घ्या, आणि जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका. केमोथेरपी चालू असेल किंवा मोठ्या शिरेत नळी असेल तर कुठलंही प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बुलार्डीसुद्धा अशा माणसांच्या रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. दादा, काउंटरवर निदान एवढं तरी विचारत जा.