चरबी कढवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: परवान्यावर मारलेल्या रानडुकराची दीड किलो चरबी मोठ्या आचेवर कढवली. ती तपकिरी झाली, जळका वास आला आणि दहा दिवसांत बरणीत बुरशी दिसली. काय चुकलं?

उत्तर: आचेने वास बिघडवला आणि राहिलेल्या पाण्याने बुरशी आणली. चरबी पातळ पडद्यांच्या जाळीत अडकलेली असते. तुकडे मोठे आणि आच मोठी असली की बाहेरचा पडदा करपतो, आतली चरबी सुटतच नाही.

आधी मांसाचे धागे आणि रक्ताळलेला भाग काढा. गोळी लागली त्याच्या आसपासची चरबी सढळ हाताने कापून टाका. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात आणि गाळल्यावर सगळे निघतीलच असं नाही. उरलेली चरबी तासभर फ्रीजरमध्ये ठेवली तर सुरीखाली घसरत नाही. अर्ध्या इंचाचे तुकडे करा. खिमा केला तर उत्तमच. जाड बुडाच्या पातेल्यात किलोला एक कप पाणी घाला आणि मंद आचेवर झाकण न ठेवता कढवा. पाणी आहे तोवर तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं, म्हणून करपत नाही.

सुरुवातीला सगळं दुधाळ दिसतं आणि मोठे बुडबुडे येतात. दोन-तीन तासांनी चरबी नितळ होते, बुडबुडे बारीक आणि विरळ होतात. म्हणजे पाणी संपत आलं. आता पातेल्यापासून हलू नका, कारण यापुढे तापमान भराभर चढतं. बेरी फिकट सोनेरी होऊन बुडाशी बसू लागली की आच बंद. मलमलच्या दुपदरी फडक्यातून कोरड्या बरणीत गाळा. फडकं पिळून निघालेली चरबी वेगळी ठेवून आधी संपवा. तिच्यात गाळ उतरतो. झाकण पूर्ण गार झाल्यावरच लावा, नाहीतर आतून वाफेचं पाणी गळतं. बुरशी आलेली बरणी मात्र टाकूनच द्या.

वयात आलेला नर असेल तर एवढी मेहनत घेण्याआधी एक तुकडा गरम तव्यावर टाकून दोघा-तिघांना हुंगायला सांगा. वयात आलेल्या नराच्या चरबीत साठणाऱ्या अँड्रोस्टेनोन या द्रव्याचा उग्र वास काहींच्या नाकाला येतच नाही. तो चरबीतच विरघळलेला असतो, त्यामुळे कितीही कढवली, धुतली तरी जात नाही.

प्रश्न: हरणाची चरबी टाळूला मेणासारखी चिकटते. उपाय?

उत्तर: नाही. तिच्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ती तोंडाच्या उबेलाही घट्टच राहते. मांसावरून काढून टाका आणि ते दुसऱ्या तेलात शिजवा. कढवलेली चरबी साबणाला चालते.

प्रश्न: रानबदकाची चरबी वापरावी का?

उत्तर: बदक धान्यावर पोसलेलं असेल तर जरूर, बटाटे परतायला तिच्यासारखी चरबी नाही. मासे खाणाऱ्या बदकाच्या चरबीला मात्र माशाचाच वास येतो. ही चरबी मऊ असल्याने लवकर खवट होते. लहान बरण्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा.