पर्ल हार्बर आपलं आपण: आई-बाबांना घेऊन ॲरिझोना मेमोरियल

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, की जूनमध्ये न्यू जर्सीहून आई-बाबा आणि आठ वर्षांच्या लेकाला घेऊन पाच दिवस हवाईतल्या ओआहू बेटावर जाताय, पर्ल हार्बरच्या टूरचे माणशी दीडशे डॉलरच्या वर सांगतायत, साइटवर तिकिटं संपलेली दिसतायत, तर आपलं आपण जमेल का आणि अर्धा दिवस पुरेल का. जमतं, अगदी व्यवस्थित जमतं. अर्धा दिवस ॲरिझोनापुरता पुरतो, म्हणजे १९४१ च्या जपानी हल्ल्यात बुडालेल्या ॲरिझोना युद्धनौकेवर पाण्यात बांधलेलं जे स्मारक आहे, जिथे बोटीने जायचं असतं, तेवढ्यापुरता, तिथल्या सगळ्यासाठी नाही पुरत. आम्ही दोनदा गेलोय, २०१६ ला टूर घेऊन आणि २०२३ ला आपले आपण, आणि दुसऱ्या वेळी अप्पा म्हणजे माझे सासरे बरोबर होते, सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये फिटर म्हणून केलेले, त्यामुळे वयस्कर माणसांना घेऊन जायचं असेल तर काय काय बघावं लागतं ते नीट लिहिते.

आधी तिकिटाचं, कारण सगळे तिथेच अडकतात. ॲरिझोना मेमोरियल फुकट आहे. रिक्रिएशन डॉट गव्ह नावाच्या सरकारी साइटवर बुकिंग करायचं, तिकिटामागे फक्त एक डॉलर घेतात, तो परत मिळत नाही. टूरवाले जे घेतात ते बसचे आणि गाइडचे. तिकिटं दोनदा सुटतात, एकदा बरोब्बर ८ आठवडे आधी आणि उरलेली थोडी आदल्या दिवशी, दोन्ही वेळेला हवाईच्या घड्याळाने दुपारी ३ वाजता. म्हणजे तुम्हाला १६ जूनला जायचं असेल तर २१ एप्रिलला, न्यू जर्सीत रात्रीचे ९ वाजलेले असतील तेव्हा लॉगिन करून बसायचं. अकाउंट आधीच उघडून ठेवा, कार्ड आधीच सेव्ह करा, आणि मुलाचं तिकीटही आपल्याबरोबरच काढा, लहान आहे चालेल असं धरून चालू नका. आम्ही एक आयडिया केली होती, हवाईचे दुपारचे ३ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा, तर पुण्यात माझा दीर चहा घेत लॅपटॉप उघडून बसला होता आणि इकडे कॅलिफोर्नियात मी, दोघांपैकी ज्याला आधी मिळतील त्याने घ्यायची असं ठरलेलं, त्याला मिळाली, सकाळी ८ ची. तुम्हाला आत्ता साइटवर संपलेली दिसतायत ती बहुतेक या आठ आठवड्यांच्या आतल्या तारखांची असतील, त्यावरून घाबरून टूर बुक करू नका. आणि समजा ८ आठवड्यांवाली हुकली, तर आदल्या दिवशीची आहेत, आणि तीही हुकली तर सकाळी ७ ला व्हिजिटर सेंटर उघडतं तेव्हा जाऊन स्टँडबायच्या रांगेत उभं राहायचं, न आलेल्या लोकांच्या जागा त्या रांगेला मिळतात, मात्र खात्री काही नाही आणि आई-बाबांना उन्हात उभं करायचा प्रकार आहे, म्हणून तो शेवटचा उपाय.

टूर का नको म्हणते तेही सांगते. २०१६ ला आमची टूर, कंपनीचं नाव घेत नाही, वायकीकी म्हणजे होनोलुलूतला हॉटेलांचा भाग, तिथल्या सात-आठ हॉटेलांवरून माणसं गोळा करत दीड तास फिरली, मग तिथे पोचल्यावर गाइड सारखा घड्याळ दाखवत होता, मेमोरियलवरून उतरलो की तसंच बसमध्ये, म्युझियमच्या दोन्ही गॅलऱ्या राहिल्या त्या राहिल्याच. आणि त्या गॅलऱ्या फार चांगल्या आहेत, फुकट आहेत, एक युद्धाकडे जपान आणि अमेरिका कसे सरकत गेले त्याची आणि दुसरी प्रत्यक्ष हल्ल्याची. माझं म्हणणं असं की या दोन आधी बघाव्यात आणि मग बोटीत बसावं, कारण खाली काय आहे हे माहीत नसताना तिथे गेलं तर ती पाण्यावरची एक पांढरी इमारत, एवढंच दिसतं. म्हणून ७ ला पोचा, तासभर गॅलऱ्या बघा, मग ८ किंवा सव्वाआठची बोट. सकाळची घ्या असं सांगण्याचं अजून एक कारण आहे, दिवस चढेल तसा वारा वाढतो, आणि वारा जास्त झाला की नेव्ही बोटी थांबवते, त्याला कोणी काही करू शकत नाही. त्याच कारणाने हा दिवस ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा म्हणजे हुकलं तर परत जायला हातात दिवस राहतो.

बॅगांचं फार लोकांना माहीत नसतं आणि गेटवर वांधे होतात. पर्स, सॅक, कमरेचा पाउच, कॅमेऱ्याची बॅग, ज्यात काही झाकून नेता येईल असं काहीही आत चालत नाही. बाहेर लॉकररूमसारखी सोय आहे, थोडे डॉलर घेऊन ठेवतात, पण सकाळी तिथेही रांग. फोन, पाकीट, पाण्याची पारदर्शक बाटली चालते, आईंच्या गोळ्या आणि चष्मा छोट्या पारदर्शक पिशवीत टाका. भाड्याच्या गाडीत सामान ठेवून जाऊ नका, आणि विमानतळावरून बॅगांसकट थेट तिकडे जायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या. मेमोरियलवर बाथरूम नाही, त्यामुळे बोटीच्या रांगेत लागायच्या आधी बाबांना आठवण करा. व्हीलचेअर बोटीत आणि वरही जाते. नाश्ता करून निघा, तिथे खायला फारसं काही नाही.

बोटीचा सगळा कार्यक्रम मिळून साधारण पाऊण तासाचा, त्यातली पंधरा-वीस मिनिटं प्रत्यक्ष मेमोरियलवर. बोट नेव्हीचे खलाशी चालवतात, विशी-बाविशीची मुलं, आणि ॲरिझोनावर जी गेली त्यातली कितीतरी याच वयाची होती, हे बोटीत बसल्यावर आपोआप मनात येतं.

आता तिथे काय बघायचं ते जरा सविस्तर लिहिते, कारण ती पंधरा मिनिटं फोटो काढण्यात जातात आणि मग हळहळ वाटते. ७ डिसेंबर १९४१, रविवार, सकाळी आठच्या सुमाराला जपानचा हल्ला सुरू झाला आणि सहा-सात मिनिटं आठवर झाली असतील तेव्हा एक बॉम्ब ॲरिझोनाच्या पुढच्या भागातल्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत जाऊन फुटला. १,१७७ माणसं एका जहाजावर गेली. त्या दिवशी एकूण २,४०३ अमेरिकन गेले, म्हणजे जवळजवळ निम्मे याच एका जहाजावरचे. जहाजाचा बँड होता २१ वादकांचा, त्यातला एकही वाचला नाही. नऊशेहून जास्त माणसं अजून आत आहेत, त्यांना बाहेर काढलेलं नाही, म्हणून ही कबर आहे असंच समजून जायचं. मेमोरियल जहाजावर आडवं टाकलंय पण जहाजाला कुठेही टेकलेलं नाही. १८४ फूट लांब, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खचल्यासारखं, सुरुवातीचा पराभव आणि शेवटचा विजय असं त्यात दाखवलंय. ते काढणारा आर्किटेक्ट आल्फ्रेड प्राइस मूळचा ऑस्ट्रियाचा, आणि पर्ल हार्बरनंतर शत्रूराष्ट्राचा माणूस म्हणून त्यालाच होनोलुलूत सँड आयलंडवर स्थानबद्ध केलं होतं. त्याच माणसाने पुढे हे स्मारक उभं केलं, १९६२ ला ते खुलं झालं. मला हे दुसऱ्या भेटीच्या आधी वाचताना कळलं आणि ती मधली खोलगट रेघ बघताना सारखं तेच आठवत होतं.

वर चढल्यावर थेट आतल्या टोकाला जा, तिथे संगमरवराच्या भिंतीवर सगळी नावं आहेत. तिच्यासमोर खाली एक छोटा दगड आहे, तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. त्यावर अशांची नावं आहेत जे त्या दिवशी वाचले, पूर्ण आयुष्य जगले, म्हातारे होऊन गेले आणि ज्यांनी सांगून ठेवलं होतं की माझी रक्षा माझ्या सोबत्यांच्या जवळ ठेवा. पाणबुडे ती रक्षा खाली जहाजात नेऊन ठेवत. १९८२ पासून चाळीसहून जास्त जणांची ठेवली गेली. ॲरिझोनावरून वाचलेल्यांपैकी शेवटचे लू कॉन्टर २०२४ ला १०२ वर्षांचे होऊन गेले.

मग परत मध्ये या आणि कठड्याशी उभं राहून खाली बघा. मागच्या तोफेचा गोल पाया पाण्याच्या वर आलेला दिसतो, गंजलेला, तांबूस, त्यावर शेवाळ. आणि थोडं थांबलं की खालून एक तेलाचा थेंब वर येतो, पाण्याला टेकतो आणि पसरतो, आधी काळा मग निळा-जांभळा मग सप्तरंगी होत होत ताटाएवढा होतो आणि विरून जातो, तोवर दुसरा आलेला असतो. ऐंशी वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. वास येतो, आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावर लाँचचा येतो तसाच डिझेलचा. अप्पांनी तो ओळखला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि कठडा धरून उभे राहिले. मी बोलायला गेले नाही. परतीच्या बोटीत एवढंच म्हणाले, खुकरी पण अशीच आहे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. अप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचे, डॉकमध्ये नुकतेच शिकाऊ म्हणून लागलेले. तोपर्यंत इतक्या वर्षांत आम्ही कोणी त्यांच्या तोंडून खुकरीचं नाव ऐकलं नव्हतं. तुमच्या आई-बाबांनाही ७१ चं काही ना काही आठवत असणार, ब्लॅकआउट, भोंगे, काचांना लावलेले कागद, त्यांना तिथे पाच मिनिटं एकटं सोडा.

मुलाबद्दल. आठ वर्षांचं मूल नीट समजून घेतं, फक्त आदल्या रात्री सांगून ठेवा की तिथे माणसं झोपलेली आहेत, पळायचं नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही. ज्युनियर रेंजर म्हणून मुलांसाठी एक पुस्तिका असते, ती व्हिजिटर सेंटरमध्ये मागा, भरून दिली की बॅज देतात, गॅलऱ्यांमध्ये त्याचा तास छान जाईल. जपानी पाहुणेही तिथे भरपूर येतात, २०१६ च्या डिसेंबरात तर त्यांचे पंतप्रधान शिंझो आबे ओबामांबरोबर या मेमोरियलवर येऊन गेले, तेव्हा 'वाईट कोण होते' असल्या गप्पा तिथे उभं राहून नकोत, घरी करा.

ॲरिझोनानंतर काय, तर बाकी तीन ठिकाणांची तिकिटं वेगळी आणि महाग आहेत, तिन्ही एका दिवसात कोंबू नका, वयस्कर माणसांची दमछाक होते. बोफिन पाणबुडी चालत दोन मिनिटांवर, पण आत गोल दारातून पाय उचलून जायचं आणि उभ्या शिड्या, गुडघे दुखत असतील तर आई बाहेरच्या म्युझियममध्ये बसलेल्या बऱ्या, लेकाला मात्र फार आवडेल. मिसुरी ही युद्धनौका आणि विमानांचं म्युझियम फोर्ड आयलंडवर, तो लष्करी तळ असल्याने आपली गाडी जात नाही, व्हिजिटर सेंटरवरून शटल बस असते. एकच निवडायचं असेल तर माझं मत मिसुरी. २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीवर सह्या केल्या त्या हिच्याच डेकवर, आणि आता ती ॲरिझोनाकडे तोंड करून उभी आहे, युद्धाची सुरुवात आणि शेवट एकमेकांसमोर. तिथे अजून एक जागा गाइडला विचारून बघा. एप्रिल १९४५ मध्ये एक कामिकाझे, म्हणजे आत्मघाती, विमान या जहाजावर आदळलं आणि त्या जपानी वैमानिकाचं शव डेकवर सापडलं, तेव्हा कॅप्टन कॅलाहन यांनी त्याला लष्करी मानाने समुद्रात निरोप द्यायला लावला, खलाशांनी रात्रीतून त्याच्यासाठी जपानी झेंडा शिवला. आई-बाबांना डेकच्या वरच्या मजल्यांवर नेऊ नका, शिड्या उभ्या आहेत, मुख्य डेकवरच भरपूर आहे. बाहेर पडताना बाजूलाच त्याच हल्ल्यात बुडालेल्या ओक्लाहोमा युद्धनौकेचं स्मारक आहे, ४२९ पांढरे खांब, गेलेल्या प्रत्येकासाठी एक. शटलच्या वाटेवरच आहे, पाच मिनिटं काढा.

जायचं कसं, तर चौघे-पाच जण असाल तर भाड्याची गाडी नाहीतर उबर. पार्किंगला पैसे पडतात पण जागा मिळते, सकाळी लवकर गेलात तर. वायकीकीहून एरवी अर्धा तास, पण परत येताना दुपारी साडेतीननंतर निघालात तर एच-१ हायवेवर अडकाल, तेव्हा दोनच्या आसपास निघा. बसही जाते आणि स्वस्त आहे, पण मार्ग बदलत राहतात, नवी मेट्रोही सुरू झालीय, त्यामुळे त्या दिवशीचं फोनवर बघूनच ठरवा, आणि सकाळी आठची बोट असेल तर आई-बाबांना घेऊन बसच्या भरवशावर राहू नका.

तारीख पक्की झाली की इथे लिहा, आणि दोघांना जास्त चालवत नसेल तर तेही लिहा, मग दुपारचं मिसुरीचं ठेवायचं की दुसऱ्या दिवशी करायचं ते सांगते.